अणुगर्भाचे यात्रिक : डॉ. होमी भाभा

गोदावरीकाठच्या नाशिक नगरीजवळ नाशिक रोड येथे भारत सरकारचे प्रतिभूती मुद्रणालय आहे. देशाची टपाल तिकिटे तेथे छापली जात आली आहेत. १९६६ च्या ऑगस्ट महिन्याच्या ४ तारखेस टपाल खात्याने पंधरा पैशांचे एक तिकीट प्रसिद्ध केले. त्यावर एका विचारमग्न पुरुषाची मुद्रा होती आणि तिच्या सोबतीला एका अणुभट्टीचे चित्र होते. त्या दिवसापूर्वी बरोबर दहा वर्षे, म्हणजे ४ ऑगस्ट १९५६ रोजी, भारतातील पहिली अणुभट्टी मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे कार्यान्वित झाली होती; आणि ती उभी करणारा पुरुष सहा महिन्यांपूर्वीच एका विमान अपघातात काळाच्या पडद्याआड गेला होता. त्या पुरुषाचे नाव डॉ. होमी जहांगीर भाभा.

मुद्रणाची एक गंमत अशी, की छपाईच्या साच्यावर चित्र उलटे असते. कागदावर ते सुलटे उमटते. साच्यावरचे चित्र हे जणू कागदावरच्या चित्राचे आरशातील प्रतिबिंबच होय. उजवा कान डावा होतो, डावा खांदा उजवा होतो. बाकी काही बदलत नाही. पाहणाऱ्यास वाटावे, की या उलटसुलटाला निसर्गाच्या दरबारात काही महत्त्व नसावे. परंतु भाभांच्या हयातीतच या साध्या गोष्टीने जगातील थोर थोर शास्त्रज्ञांची झोप उडविली. ती हकीकत या चरित्राच्या ओघात पुढे येईलच.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुविद्य पारशी कुटुंबात झाला. त्यांचे वडील जहांगीर भाभा हे बॅरिस्टर होते. आजोबा होरमसजी हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते. आत्या मेहेरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. घरात उत्तमोत्तम ग्रंथांचा संग्रह होता आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकाही होत्या. अशा वातावरणात होमी वाढला. लहानपणी त्याला झोप फारच थोडी येई. आईवडील चिंतेत पडले व त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतला. मुलाची प्रकृती उत्तम आहे, त्याचे मन मात्र अखंड जागे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले, असे म्हणतात. ते जागे मन पुस्तकांकडे, रंगांकडे आणि सुरांकडे सारख्याच ओढीने धाव घेत असे. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताचा परिचय त्याने करून घेतला होता.

कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या मुंबईतील संस्थांतून शिक्षण घेतल्यावर १९२७ साली होमी इंग्लंडला गेला आणि केंब्रिज येथे यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास करू लागला. वडिलांची व दोराबजींची इच्छा होती, की त्याने अभियंता होऊन परत यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठे काम सांभाळावे. वाट आखलेली होती, मान व संपत्ती यांची निश्चिती होती. परंतु होमीचे मन यंत्रशाळेत रमेना. केंब्रिजमध्ये त्या वेळी डिरॅकसारखे प्रज्ञावंत अणूच्या अंतरंगाचे गणित मांडीत होते. ते ऐकल्यापासून तरुण होमीला दुसरे काही सुचेनासे झाले.

अखेर त्याने वडिलांना पत्र लिहिले. कारखाना चालविणे हे आपल्या प्रकृतीला मानवणारे काम नव्हे, पदार्थविज्ञान हेच आपले खरे क्षेत्र आहे आणि तेथेच आपल्या हातून काही घडेल, असे त्याने मोकळेपणाने कळविले. एकीकडे वडीलधाऱ्यांची आशा व दुसरीकडे अंतःकरणाची ओढ, अशा पेचात सापडलेल्या मुलाचे ते पत्र होते. वडिलांनी ते शांतपणे विचारात घेतले. हाती घेतलेला अभ्यासक्रम प्रथम श्रेणीत पुरा करावा, म्हणजे पुढे गणित शिकण्याचा खर्च आपण देऊ, अशी अट त्यांनी घातली. होमीने नावडत्या विषयाची हेळसांड केली नाही. १९३० साली तो यंत्र अभियांत्रिकीच्या परीक्षेत प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला आणि १९३२ साली गणिताच्या परीक्षेतही त्याने तेच यश मिळविले. पुढे अणुभट्टी उभारताना त्या अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा त्यांना मोठाच उपयोग झाला. घेतलेली विद्या कधी वाया जात नाही, ती अशी.

१९३२ हे वर्ष अणुशास्त्राच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिले गेले आहे. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन या कणाचा शोध लावला. अणूच्या मध्यभागी अणुगर्भ असतो. त्यात धन विद्युतभार असलेले प्रोटॉन असतात, हे पूर्वीच ठाऊक होते. त्यांच्या जोडीला जवळजवळ तेवढ्याच वजनाचे, पण कोणताही विद्युतभार नसलेले न्यूट्रॉन असतात, हे आता कळले. विद्युतभार नसल्यामुळे न्यूट्रॉनला अणुगर्भ दूर लोटीत नाही. पहारेकऱ्याला न दिसता किल्ल्यात शिरणाऱ्या हेराप्रमाणे तो सरळ आत प्रवेश करतो. आत गेल्यावर कधी अणुगर्भ त्याला पोटात घेऊन गॅमा किरण बाहेर टाकतो, तर कधी युरेनियमसारखा जड अणुगर्भ दुभंगून जातो. हा शोध लागला, त्या वास्तूतच भाभा त्या वेळी संशोधनाचे धडे घेत होते.

यानंतर शिष्यवृत्ती मिळवून भाभा युरोपातील थोर गुरूंच्या भेटीस निघाले. झुरिच येथे त्यांनी व्होल्फगांग पाउली यांच्याजवळ, तर रोम येथे एन्रिको फर्मी यांच्याजवळ काही काळ काम केले. या दोघांची नावे एका विलक्षण बलाशी कायमची जोडली गेली आहेत. काही अणुगर्भांतून इलेक्ट्रॉन आपोआप बाहेर पडतात. त्यास बीटा किरण म्हणतात. या क्रियेत थोडी ऊर्जा नाहीशी होते, असे दिसून येई. ती कोठे जाते, हे कोडे होते. पाउली यांनी १९३० साली असे सुचविले, की एखादा अदृश्य, भाररहित कण ती ऊर्जा घेऊन निघून जात असावा. फर्मी यांनी त्या कणाला न्यूट्रिनो हे नाव प्रचारात आणले आणि त्याच्या आधारे बीटा किरणांची उपपत्ती मांडली. न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होते आणि त्याच क्षणी इलेक्ट्रॉन व न्यूट्रिनोच्या जातीचा एक कण जन्मास येतो, असे त्यांनी दाखविले. अणुगर्भाबाहेर एकटा पडलेला न्यूट्रॉन सरासरीने सुमारे पंधरा मिनिटांत असा बदलून जातो. हे रूपांतर घडविणाऱ्या बलास आज क्षीण बल असे म्हणतात. अणुगर्भातील कणांना घट्ट बांधून ठेवणारे प्रबळ बल वेगळे. त्याच्या तुलनेत क्षीण बल सुमारे एक कोटीपट दुबळे. तरीही सूर्य तेवता ठेवण्याच्या कामी त्याचा वाटा आहे.

केंब्रिजला परत आल्यावर भाभांनी विश्वकिरणांचा अभ्यास हाती घेतला. अंतराळातून अतिवेगवान कणांचा पाऊस पृथ्वीवर अहोरात्र पडत असतो. त्यांना विश्वकिरण म्हणतात. एक कण वातावरणात शिरतो आणि त्यापासून कणांची सरच्या सर कोसळते, ती कशी, हे भाभा व वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली गणिताने स्पष्ट केले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले असता काय होते, याचे गणितही भाभांनी केले होते. ती क्रिया आजतागायत भाभांच्याच नावाने ओळखली जाते.

विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनहून सुमारे दोनशेपट जड असा एक कण आढळला होता. हा कण फार काळ टिकत नाही. तो फुटून त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, असे भाभांनी १९३८ साली मांडले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सापेक्षता सिद्धांताप्रमाणे वेगाने धावणारे घड्याळ सावकाश चालते. हा कण जणू एक घड्याळच आहे. म्हणून तो जितका वेगवान, तितके त्याचे आयुष्य आपल्या दृष्टीने लांबलेले दिसले पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले. स्थिर असता हा कण सेकंदाच्या सुमारे दोन दशलक्षांश भागाइतकाच जगतो. तेवढ्या अवधीत प्रकाशाच्या वेगानेही साडेसहाशे मीटरच्या आसपासच मजल मारता येईल. तरी तो कित्येक किलोमीटर उंचीवरून जमिनीपर्यंत पोहोचतो, याचे रहस्य हेच. पुढील प्रयोगांनी भाभांचे म्हणणे खरे ठरविले. हा कण ज्या बलामुळे फुटतो, तेही क्षीण बलच होय.

या सुमारास कणाच्या नावाचा वाद चालू होता. काही जण त्यास मेसोट्रॉन म्हणत. भाभांनी दाखवून दिले, की ग्रीक शब्द मेसो, म्हणजे मधला. त्यात ट्र या अक्षराला जागाच नाही. म्हणून मेसॉन हे नाव शुद्ध होय. शास्त्रज्ञ असूनही शब्दाच्या शुद्धतेविषयी त्यांची दृष्टी किती सूक्ष्म होती, हे यावरून दिसते. मेसॉन हा शब्द पुढे जगाने स्वीकारला.

१९३९ साली भाभा सुटीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडला परतण्याचा मार्ग बंद झाला. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत, जेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन हे पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते, भाभांनी अध्यापन व संशोधन सुरू केले. १९४१ साली, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व देऊन गौरविले. युद्ध संपताच ते परदेशी जाणार, असेच सर्वांना वाटत होते. आरंभी त्यांचाही विचार तसाच होता. परंतु भारतात राहता राहता त्यांचे मन बदलले. आपल्या देशात बुद्धिमत्तेला तोटा नाही. तोटा आहे तो साधनांचा, चांगल्या संस्थेचा आणि प्रोत्साहनाचा. मग बुद्धिमान तरुणांनी दरवेळी समुद्रापलीकडेच का जावे? योग्य परिस्थिती मिळत असेल तर आपल्या देशात राहून ही उणीव दूर करणे हे आपले कर्तव्य आहे, असा त्यांनी निश्चय केला. विदेशातील प्रयोगशाळांची दारे त्यांच्यासाठी उघडी असताना केलेला हा निश्चय होता.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा विश्वस्त मंडळास पत्र लिहून एका मूलभूत संशोधन संस्थेची मागणी केली. आणखी काही दशकांनी जेव्हा अणुशक्तीपासून वीज निर्माण होऊ लागेल, तेव्हा भारताला परदेशी तज्ज्ञांचे तोंड पाहावे लागू नये, असा त्या पत्राचा आशय होता. अणूपासून वीज निर्माण होऊ शकेल, हे त्या काळी फारच थोड्यांना माहीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते. विश्वस्तांनी मागणी मान्य केली. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथे स्थापन झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात आली. पुढे काही वर्षे गेटवेजवळच्या जुन्या इमारतीत तिचे काम चालले आणि १९६२ साली कुलाब्याच्या टोकाला समुद्रकिनारी उभारलेल्या तिच्या भव्य वास्तूचे उद्घाटन झाले. आधी इमारत आणि मग माणसे, असा भाभांचा क्रम नव्हता. आधी योग्य माणूस शोधावा आणि त्याच्याभोवती कार्य वाढवावे, हे त्यांचे सूत्र होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे अध्यक्ष झाले. १९५४ साली ट्रॉम्बे येथे अणुशक्ती केंद्राचा पाया घातला गेला. तेथे संशोधनासाठी एक अणुभट्टी उभारावी, असे ठरले. इंधन इंग्लंडकडून आले. परंतु भट्टीचा आराखडा, तिची उभारणी आणि तिचे नियंत्रण करणारी नाजूक उपकरणे ही सारी भारतीय अभियंत्यांच्या व शास्त्रज्ञांच्या हातची होती. यातील बहुतेकांनी यापूर्वी अणुभट्टी हाताळलेली नव्हती. ते यशस्वी होतील की नाही, याकडे अनेकांचे लक्ष लागले होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी पावणेचारच्या सुमारास ती भट्टी सुरू झाली. खोल पाण्याच्या हौदात बुडविलेल्या तिच्या गाभ्याभोवती निळसर प्रकाश चमकू लागला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी तिचे नाव अप्सरा असे ठेवले आणि २० जानेवारी १९५७ रोजी ती राष्ट्राला अर्पण केली. न्यूट्रॉनचा अखंड झरा आता मुंबईच्या दारी वाहू लागला होता.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात, १५ जानेवारी १९५७ रोजी, दूर न्यूयॉर्क येथे एका शोधाची घोषणा झाली आणि सारे विज्ञानजगत थरारून गेले. येथे मुद्रणालयातील उलट्या साच्याची आठवण करावी. एक भोवरा फिरत आहे आणि त्याच्या शेजारी आरसा उभा आहे, असे समजा. भोवरा डावीकडून उजवीकडे फिरत असेल, तर आरशातील भोवरा उजवीकडून डावीकडे फिरताना दिसतो. आता त्या भोवऱ्यातून ठिणग्या उडत असतील, तर वर उडणारी ठिणगी आरशातही वरच उडते. निसर्गाला डाव्याउजव्याचा भेद नसेल, तर ठिणग्या वर आणि खाली सारख्याच उडाल्या पाहिजेत. एकाच दिशेने अधिक उडाल्या, तर आरशातील देखावा हा खऱ्या जगात न घडणारा देखावा ठरेल. निसर्ग असा पक्षपात करीत नाही, अशी शास्त्रज्ञांची दृढ श्रद्धा होती. या तत्त्वाला ते पॅरिटी असे म्हणत.

१९५६ साली ली आणि यांग या दोन चिनी तरुणांनी विचारले, की क्षीण बलाच्या बाबतीत हे तत्त्व कोणी तपासून पाहिले आहे काय? कोणीच पाहिलेले नव्हते. चिएन-शिउंग वू या चिनी विदुषीने ते पाहण्याचे मनावर घेतले. अमेरिकेतील वॉशिंग्टन येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी कोबाल्ट अतिशय थंड केले आणि चुंबकाच्या साहाय्याने त्याचे अणुगर्भ एकाच दिशेने फिरणाऱ्या भोवऱ्यांप्रमाणे रांगेत उभे केले. त्यांतून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजले, तो काय आश्चर्य! एका बाजूला ते स्पष्टपणे अधिक जात होते. क्षीण बलाला डावेउजवे कळते, हे सिद्ध झाले. भाभांचे जुने गुरू पाउली यांना तर असे घडणे शक्य नाही याची खात्री वाटत होती. तेही चकित झाले. ली आणि यांग यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोग करणाऱ्या वू यांना मात्र त्यात वाटा मिळाला नाही.

निसर्गाचा हा पक्षपात गणितात कसा मांडावा, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत जॉर्ज सुदर्शन हा केरळचा तरुण होता. १९५२ ते १९५५ या काळात त्याने भाभांच्या मुंबईतील संस्थेत संशोधनाचे धडे गिरविले होते. भाभांनी डिरॅकसारख्या जगन्मान्य विद्वानांना तेथे व्याख्यानांसाठी पाचारण केले होते आणि त्यांच्या सहवासाचा लाभ या तरुणास झाला होता. पुढे अमेरिकेत रॉचेस्टर येथे गुरू मार्शाक यांच्यासह सुदर्शन यांनी १९५७ साली क्षीण बलाचे अचूक रूप मांडले. त्या वेळचे काही प्रयोग त्यांच्या सिद्धांताच्या विरुद्ध जात होते. तरी सिद्धांत न सोडता, ते प्रयोगच पुन्हा करून पाहावेत, असे त्यांनी धैर्याने सांगितले. आणि पुन्हा केल्यावर चूक प्रयोगांतच निघाली. बुद्धिमान तरुणांना आपल्याच देशात पहिले पाऊल टाकता यावे, हे भाभांचे स्वप्न असे फळास येत होते.

आणखी एक प्रश्न उरला होता. अणुगर्भात प्रबळ बलाचेच राज्य असते. त्याच्या गजरात क्षीण बलाचा मंद सूर ऐकू येईल काय? याही वेळी न्यूट्रॉनच कामी आला. १९६४ साली मॉस्को येथील शास्त्रज्ञांनी अणुभट्टीतील न्यूट्रॉन एकाच दिशेने फिरणारे असे निवडून कॅडमियमवर सोडले. त्यांना गिळल्यावर अणुगर्भांनी जे गॅमा किरण टाकले, ते एका बाजूस किंचित अधिक होते. फरक दहा हजारांत काही थोडा. पण तो होता. पुढे १९८० नंतरच्या काही वर्षांत रशियातील दुब्ना येथे लँथॅनम या धातूवर असे प्रयोग झाले. विशिष्ट वेगाचे न्यूट्रॉन घेतले असता, उजवे फिरणारे आणि डावे फिरणारे न्यूट्रॉन शोषले जाण्याच्या प्रमाणात शेकडा दहाच्या आसपास फरक पडतो, असे तेथे आढळले. न्यूट्रॉन गिळलेल्या अणुगर्भाच्या दोन जवळजवळच्या अवस्था एकमेकींत मिसळतात आणि त्यामुळे क्षीण बलाचा तो मंद सूर लक्षावधी पटींनी मोठा होऊन ऐकू येतो, असे याचे कारण आहे. दुब्नाचे हे प्रयोग पाहण्यास भाभा हयात नव्हते.

परंतु क्षीण बलाचा एक मोठा शोध त्यांच्या हयातीत, त्यांच्याच संस्थेच्या हातून भारतात लागला. म्हैसूर राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणी जगातील अत्यंत खोल खाणींपैकी होत्या. विश्वकिरणांतील कण जमिनीत किती खोल जातात, हे तेथे मोजावे, असे भाभांनी १९५० नंतर तरुण संशोधक श्रीकंठन यांना सुचविले होते. काम वाढत गेले. इतक्या खोलीवर गेले, की इतर सर्व कण वाटेतील खडकात अडकून पडतात. क्षीण बलाखेरीज कोणालाच दाद न देणारा न्यूट्रिनो तेवढा आरपार येतो. १९६५ साली दोन किलोमीटरहून अधिक खोल, उष्ण आणि अंधाऱ्या बोगद्यात बसविलेल्या उपकरणांनी वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोची खूण टिपली. मेनन, श्रीकंठन आणि त्यांचे सहकारी यांनी जपानी व इंग्रज शास्त्रज्ञांच्या सोबतीने हे कार्य केले. अशी खूण सापडण्याच्या जगातील अगदी पहिल्या वेळांपैकी ही एक होती. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील एका खाणीतही असाच शोध लागला. ज्या कणाची कल्पना पाउली यांनी केली होती, त्याचा माग भारतीय खडकाच्या उदरात असा लागला.

भाभा केवळ शास्त्रज्ञ नव्हते. ते उत्तम चित्रे काढीत. मोझार्ट व बेथोव्हेन यांच्या संगीतात रंगून जात. संस्थेच्या भिंती त्यांनी भारतीय चित्रकारांच्या कलाकृतींनी सजविल्या. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र आजही तेथे पाहावयास मिळते. वृक्षांवर त्यांचे अतोनात प्रेम होते. बांधकामाच्या वाटेत झाड आले तर ते तोडू न देता मुळासकट काढून दुसरीकडे लावण्याची ते व्यवस्था करीत. प्रयोगशाळेइतकेच तिच्याभोवतीचे उद्यानही सुंदर असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

१९५५ साली जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगांविषयी पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा तिचे अध्यक्षपद भाभांनी भूषविले. परतंत्रतेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाच्या सुपुत्राला मिळालेला तो मान होता. जानेवारी १९६६ मध्ये ते व्हिएन्ना येथील बैठकीसाठी निघाले. २४ तारखेस सकाळी जिनिव्हाच्या वाटेवर असताना त्यांचे विमान आल्प्स पर्वताच्या माँ ब्लाँ शिखरावर आदळले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५६ वर्षांचे होते.

दुसऱ्या वर्षी, जानेवारी १९६७ मध्ये, ट्रॉम्बेच्या केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले. अप्सरा भट्टीने अर्धशतकाहून अधिक काळ सेवा केली. २००९ साली तिला विश्रांती देण्यात आली आणि २०१८ साली त्याच ठिकाणी तिचे नवे रूप पुन्हा न्यूट्रॉन देऊ लागले.

नाशिक रोडला छापलेले ते पंधरा पैशांचे तिकीट आज जुन्या संग्रहांतूनच आढळते. त्यावरील मुद्रेत आणि अणुभट्टीत एक नाते आहे. जमशेदपूरची आखलेली वाट नम्रपणे नाकारणारा मुलगा, परदेशाची उघडी दारे पाहूनही मायदेशी राहिलेला तरुण आणि आपल्या लोकांच्या हातून अणुभट्टी उभी करून घेणारा कर्ता पुरुष, हे तिघेही त्या एकाच चेहऱ्यात सामावलेले आहेत. उत्तम संशोधन दूरच्या देशांतच होते, या समजुतीला त्यांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले. आणि ते उत्तर कुलाब्याच्या सागरतीरावर व ट्रॉम्बेच्या टेकडीच्या पायथ्याशी आजही उभे आहे.